डावखुऱ्याची गाठ

जुन्या बाजारपेठेतलं ते नाट्यगृह बावीस वर्षं बंद होतं, आणि आत व्हायोलिनवाल्याचं भूत आहे हे पेठेतलं शेंबडं पोरही सांगायचं. वारा सुटला की आत उंचावरून आवाज यायचा, ठक, ठक. लोक म्हणत, ज्या पडद्याने जीव घेतला तो पडदा तो अजून शोधतोय. मला या गोष्टीचा तिटकारा होता, कारण तिच्यात माझा बाप खुनी होता.

बाबा तिथे पडदेवाले. रंगवलेले भलेमोठे पडदे छतालगतच्या तुळईतल्या कप्प्यांवरून दोराने वर ओढायचे आणि दोर माळ्यावरच्या लाकडी कठड्याला बांधायचा, हे त्यांचं काम. एका दुपारी तालमीत एक पडदा दांड्यासकट कोसळला आणि व्हायोलिनवाला जागीच गेला. मालकाने वर न चढताच निकाल दिला, "डावखुऱ्याची गाठ. सुटणारच." बाबा डावखुरे, शेवटचा वेढा उलटा घ्यायचे. ते चकार शब्द बोलले नाहीत. त्याच आठवड्यात नाट्यगृहाला कुलूप लागलं. व्हायोलिनवाल्याची बायको आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते, म्हणून बाबा तिकडे पुन्हा फिरकले नाहीत. पुढे पुढे त्यांनी उंबरा ओलांडणंच सोडलं. आणि खरं सांगतो, गाठ सुटली असंच मलाही वाटत होतं. म्हणून तर मी सुतारकाम धरलं. खिळा ठोकला की विषय संपला.

यंदा इमारत पाडायला काढली आणि आतलं चांगलं लाकूड उतरवायचं काम माझ्याकडे आलं. ठेकेदाराने माणसं दिली, पण माळ्यावर चढायचं म्हटल्यावर एकेकाचे गुडघे दुखायला लागले. "दादा, तुम्हीच जा. तुमच्या घरचीच ओळख आहे," त्यातला एक बोलून गेला आणि मग जीभ चावली. मी चढलो.

भर दुपार होती. तुटक्या झरोक्यातून वारा येत होता आणि आवाज चालूच होता. कठड्यावरून वाकून पाहिलं. एक दोर खाली लोंबत होता आणि त्याच्या टोकाशी रुतून बसलेली लोखंडी कप्पी भिंतीवर आपटत होती. वर ओढून घेतली. तिच्या बोल्टाला तुळईचा ढलपा अजून चिकटलेला होता. बोटांत चुरला तर भुसा झाला. वाळवी. वर तुळईत एकच खड्डा होता, बाकीच्या कप्प्या जागेवर. पडदा हलवताना कुणीतरी खालूनच दोर कापला होता. माळ्यावर कोणी आलंच नव्हतं. आधी आळसाने, मग भुताच्या भीतीने.

मग कठड्याकडे पाहायचा धीर केला. गाठ होती. शेवटचा वेढा उलटा. बावीस वर्षं कप्पीचे हिसके खाऊन तसूभर हलली नव्हती. मी तिथेच धुळीत बसकण मारली आणि लहान पोरासारखा रडलो. इतक्या वर्षांत बापाला एकदाही विचारलं नव्हतं मी.

गाठ सोडली नाही. कठड्याचा तेवढा तुकडाच करवतीने कापला आणि दोर-कप्पीसकट पोत्यात घालून घरी नेला.

बाबा खिडकीशी बसले होते. तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांची बोटं गाठीवरून फिरली आणि उलट्या वेढ्यापाशी थांबली.

"कुठली ही?"

"त्याच पडद्याची. तुळई कुजली होती, बाबा. कप्पीच उपटून आली. गाठ जागची हलली नाही."

त्यांनी तो वेढा अंगठ्याने दाबून पाहिला.

"त्या दिवशी फार घाई होती," ते म्हणाले. "शेवटचा वेढा घेतला की नाही, तेच आठवत नव्हतं रे. बावीस वर्षं आठवून बघतोय."

"घेतला होता, बाबा."

आता रडतील असं वाटलं. पण ते भिंत धरून उठले.

"माझ्या चपला कुठायत?"

"कुठे निघालात?"

"दोन गल्ल्या पलीकडे. तिला दाखवतो. तू कप्पी घे, गाठ मी धरतो."

चपला खाटेखाली सापडल्या, पण पट्टे वाळून तुटले होते. बाबांनी माझ्याच चपला पायात सरकवल्या. कप्पी सांभाळत मी अनवाणी त्यांच्या मागून निघालो.