पलीकडे बस उभी असते

कोणी माझ्यावर पाय ठेवला, की माझ्या पोटात गोळा येतो. पुलाला कसले आले पोट, असे तुम्ही म्हणाल. पण मित्रांनो, मी केंटकीच्या डोंगरातला, हॅझेल ओढ्यावर लोंबकळणारा झुलता पूल आहे. वयाने जुना आहे आणि स्वभावाने भित्रा. हा भित्रेपणा मला जन्मापासून नव्हता. तो कसा आला, ते आज तुम्हाला सांगतो.

मला एस्टिल सायझमोर नावाच्या खाणकामगाराने बांधले. त्याचे घर ओढ्याच्या एका अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. डांबरी रस्ता दुसऱ्या अंगाला. खाणीत बाद झालेले पोलादी दोर त्याने मागून आणले, दोन्ही काठांवर जाड खांब पुरले आणि ओकच्या फळ्या एकेक करून माझ्या अंगावर बसवल्या. काम संपले त्या दिवशी त्याने आपल्या लहानग्या लेकीला, रोंडाला, खांद्यावर घेऊन पलीकडे नेले आणि परत आणले. मी डुललो तशी ती खिदळली. तेव्हा मीही तिच्यासारखाच निर्धास्त होतो.

पुढे मी काय काय वाहिले! मक्याच्या पिठाची पोती, दोरांनी बांधलेला फ्रीज, रोंडाच्या लग्नाचा केक, आणि एका हिवाळ्यात एस्टिलच्या बायकोची शवपेटी. शेजारी म्हणत, "एस्टिल, तुझ्या पुलावर कोळशाचा ट्रक घातला तरी पडायचा नाही." एस्टिल मिशीतल्या मिशीत हसे. पण वसंत आला की न चुकता हातात पाना घेऊन येई, माझे बोल्ट आवळी, दोरांना ग्रीस लावी आणि पालथा पडून फळ्यांच्या खालची बाजू बघे.

मग कोळशाच्या धुळीने त्याची छाती निकामी झाली आणि तो गेला. रोंडाचा नवरा दूर ओहायोतल्या कारखान्यात कामाला होता. घरात रोंडा आणि तिची दोन मुले उरली. थोरली टॅबिथा आणि तिच्या पाठचा वेड नावाचा भाऊ, नुकता शाळेत जाऊ लागलेला. शाळेची पिवळी बस पलीकडच्या रस्त्यावर येऊन थांबे. सकाळी दोघे माझ्यावरून पळत जात. रोंडा काठावरून ओरडे, "पळू नका रे!" तरी मुले पळतच. मला ते पाय फार आवडत.

पण माझ्याकडे बघणारे आता कोणी नव्हते. रोंडाला घर सांभाळता सांभाळता दिवस पुरत नसे. ग्रीस वाळले, बोल्ट गंजले. एका वर्षी बर्फ वितळताना ओढ्याला लोंढा आला आणि एक उन्मळलेले झाड माझ्या कुशीत येऊन आदळले. पाणी ओसरल्यावर झाड निघून गेले. वरून मी होतो तसाच दिसत होतो. आतून मात्र ओढा वाहत येतो त्या बाजूच्या माझ्या दोराचे पीळ तुटू लागले होते. एखादा पीळ तुटे तेव्हा बारीकसा 'टण्' असा आवाज होई. पाण्याच्या खळखळाटात तो फक्त मलाच ऐकू येई.

मित्रांनो, तेव्हापासून माझ्या भीतीला सुरुवात झाली. मला सगळे कळत होते आणि सांगता काहीच येत नव्हते. रोज सकाळी ते चार पाय धावत येत आणि मी जीव मुठीत धरून त्यांना पलीकडे नेई. बस गेली की सुटकेचा श्वास टाकावा, तोच आठवे की दुपारी हे परत यायचे आहेत.

आणि एका सकाळी ते घडले. हिवाळ्याचे दिवस होते, फळ्यांवर पांढरे दव गोठले होते. टॅबिथा पुढे, वेड मागे. अगदी मधोमध माझी एक फळी मोडली आणि वेडचा पाय मांडीपर्यंत खाली गेला. त्याला ओरडताही आले नाही. टॅबिथाने मागे वळून पाहिले आणि झेप घेऊन त्याच्या दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. त्याचा बूट सुटून पाण्यात पडला आणि दिसेनासा झाला. पलीकडे बस उभी होती, पण काचांवर वाफ धरली होती, आतून कोणाला काही दिसले नाही. रोंडा धावत आली. मुलांपाशी पोचताच ती पोटावर झोपली आणि इंच इंच मागे सरकत दोघांना ओढून घेऊन गेली. बसने दोनदा भोंगा वाजवला आणि ती निघून गेली.

त्या दिवसापासून मुले शाळेत गेली नाहीत.

तुम्ही म्हणाल, रोंडाने शाळेला सांगायचे होते. तिने सांगितले नाही, कारण तिला माझ्यापेक्षाही मोठी भीती होती. वरच्या खोऱ्यातल्या एका घरातली मुले सरकारी माणसांनी नेली होती, घर राहण्याजोगे नाही म्हणून. पूल असा मोडका आहे हे कळले तर माझीही नेतील, असे तिने मनाशी धरले होते. मुलांना ताप आहे, असे ती शाळेला कळवत राहिली. पत्रांची पेटी पलीकडच्या रस्त्यावर होती. ती एकटी, कडेकडेने, हाताच्या दोराला लटकत माझ्यावरून जाई. शाळेचे पत्र ती तिथेच उघडून वाची आणि पुन्हा पाकिटात घाली. मुलांना पाठवले नाही तर कोर्टात यावे लागेल, असे त्यात असावे. एकदा ती तिथेच खांबाला टेकून पुटपुटली, "पाठवलं तर ओढा नेईल, नाही पाठवलं तर कोर्ट नेईल."

मग एके दिवशी शाळेच्या हजेरीचे काम बघणाऱ्या ओपल नेपियर बाई आल्या. धिप्पाड बाई, अंगात जाड कोट, हातात फाइल. पलीकडच्या काठावर उभ्या राहून त्यांनी हाक मारली. रोंडा अलीकडे आली. ओढा मधे असल्याने दोघींना मोठ्याने बोलावे लागत होते.

"मुलं कशी आहेत आता?" बाईंनी विचारले.

"तापानं फणफणलीत, बाई!"

"इतके दिवस ताप? मग डॉक्टरला दाखवलं का?"

रोंडाने मागे घराकडे पाहिले. तेवढ्यात घरामागून वेडच्या हसण्याचा आवाज आला. तो कोंबड्यांच्या मागे पळत होता. बाईंनी तो ऐकला. त्यांचा चेहरा कठोर झाला. "मीच येते तिकडे. मला मुलांना डोळ्यांनी बघायचंय."

आणि त्यांनी माझ्यावर पाय ठेवला. तो दोर त्यांचे वजन पेलेल की नाही, मला सांगता येत नव्हते. एक पाऊल पडले, दुसरे पडले, आणि 'टण्' झाले. त्यांना काही कळले नाही. त्यांची नजर घराकडे होती. पाणी बर्फासारखे थंड आणि खाली टोकदार खडक. मी करकरलो, जेवढे करकरता येईल तेवढे करकरलो. पण जुने पूल करकरतातच, असे लोक धरून चालतात.

रोंडाने नुसते गप्प राहायचे होते. बाईंबरोबर तिचे खोटेही ओढ्यात गेले असते. पण तिच्याने ते होईना.

"बाई, थांबा!" ती किंचाळली. "पुढं येऊ नका! मधली फळी मोडलीय. माझं पोरगं त्यातून खाली जात होतं. ताप नाही त्यांना. मी खोटं बोलले. तुम्ही मागं जा आधी, मग काय करायचं ते करा!"

बाई जागच्या जागी थिजल्या. मग त्यांनी खाली पाण्याकडे बघितले, आणि पाऊल पाऊल मागे घेत काठावर गेल्या. तिथल्या दगडावर त्या मटकन बसल्या. त्यांनी फाइल उघडली आणि पुन्हा मिटली. शेवटी म्हणाल्या, "रोंडा, मी तुला कोर्टाचा कागद द्यायला आले होते."

"माझी पोरं नेऊ नका, बाई."

"पोरं कोण नेतंय? पूल दुरुस्त करायला हवा, एवढंच मला दिसतंय. आधी का नाही बोललीस गं?"

रोंडा रडू लागली. ओढ्यापलीकडून बाईंना तिच्याजवळ येता येत नव्हते. त्या नुसत्या बसून राहिल्या, ती शांत होईपर्यंत.

सगळे लगेच सुरळीत झाले, असे समजू नका. पूल खासगी आहे, त्याला हात लावता येत नाही, असे कौंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, कार्यालयाने सांगितले. आम्ही शिकवतो, पूल बांधत नाही, असे शाळेने म्हटले. मग बाईंनी हट्टाने सगळ्यांना माझ्यापाशीच गोळा केले. शाळेचे मुख्याध्यापक आले, खोऱ्यातली चार घरे आली आणि कौंटीचे प्रमुख हॉलिस बर्चेटही आले. बर्चेट पलीकडच्या काठावरून म्हणाले, की बाहेरून तरी पूल ठीक दिसतो. आणि कोणी अडवायच्या आत ते माझ्यावर चढून चालू लागले.

मधोमध, जिथे फळी नव्हती, तिथे त्यांनी खाली पाहिले आणि त्यांचे पाय जागच्या जागी रुतले. पुढे नाही, मागे नाही. दोन्ही हातांनी त्यांनी दोर असा घट्ट धरला की मी थरथरू लागलो. की ते थरथरत होते आणि मी त्यांच्याबरोबर? काठावर कोणी श्वास घेईना.

अलीकडून रोंडा माझ्यावर आली. हळूहळू, कडेकडेने. दोघांचे वजन माझ्यावर होते. 'टण्'. या वेळी तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

"साहेब, खाली बघू नका. माझ्याकडं बघा," ती म्हणाली. "उजवा पाय मागं घ्या. हां. आता डावा."

"मला नाही जमत," बर्चेट म्हणाले. एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा म्हणाला.

"मलाही रोज असंच होतं, साहेब. उजवा पाय."

असे बोलत बोलत तिने त्यांना काठावर पोचवले. ते चिखलात बसले आणि त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली. खासगी पुलाची गोष्ट त्यानंतर त्यांनी काढली नाही.

पूल दुरुस्त होईपर्यंत नेपियर बाई डोंगराला लांब वळसा घालणाऱ्या, पायी न जमणाऱ्या मागच्या लाकूडतोडीच्या वाटेने जीप घालून मुलांना शाळेत नेत. कौंटीच्या रस्ते खात्याने नवे दोर आणि माणसे दिली. शाळेच्या सुतारकामाच्या वर्गाने फळ्या तासल्या. खोऱ्यातल्या लोकांनी खांब पुरले, आणि रोंडाने सगळ्यांना राजम्याची आमटी आणि मक्याचा पाव वाढला. माझ्या दोन्ही बाजूंना आता जाळी आहे. दरवर्षी शाळेचा, कौंटीचा आणि घरचा असे तिघेजण मिळून मला तपासतात.

पण भीती काही दोरांबरोबर बदलून निघत नाही. पहिल्या सकाळी टॅबिथा ताठ मानेने पलीकडे गेली आणि वेड काठावरच उभा राहिला. बस थांबलेली. रोंडाने त्याला ओढले नाही, रागावली नाही. तो गेलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतरच्या सकाळी चालकाने बसचे इंजिनच बंद केले आणि हाताची घडी घालून बसला. वेड खाली वाकला आणि हातांवर, गुडघ्यांवर रांगत निघाला. बसमध्ये कोणीतरी फिस्सकन हसले. चालकाने नुसते आरशात पाहिले, तसे हसणे थांबले. वेड प्रत्येक फळीला आधी हाताने दाबून बघत होता. मी माझे सारे अंग आवळून धरले होते. मधोमध तो थांबला, डोळे मिटले, आणि पुन्हा निघाला. पलीकडे पोचल्यावर गुडघे न झटकताच तो बसमध्ये चढला. आता तो चालत जातो, पण अजूनही हळू.

मित्रांनो, तुमच्या वर्गातला एखादा बाक बरेच दिवस रिकामा दिसला, तर त्या मुलाला आळशी म्हणू नका. तो येतो त्या वाटेने एकदा त्याच्या घरापर्यंत जाऊन या. तिथे एखादा ओढा असेल, एखादे भुंकणारे कुत्रे असेल, आजारी आई असेल, किंवा सांगायची लाज वाटणारे काही असेल. तुम्हाला एकट्याने ते दूर करता येणार नाही. मग घरी सांगा, बाईंना सांगा, ज्याच्या हातात आहे त्याला तिथे उभे करा. आणि माझ्यासारख्या जुन्या वस्तू करकरू लागल्या, तर वाकून खालून बघा. आम्हाला याहून मोठ्याने बोलता येत नाही.

आता मला आवरते घ्यायला हवे. दोन मुलांची पावले ऐकू येताहेत, आणि माझ्या पोटात गोळा आला आहे.