बारामुंडीमागची चादर

"नेव्हिल पहाटे होडी घेऊन गेलाय, अजून आला नाही," त्याच्या बायकोने, डोरीनने गटावर लिहिलं. "फोन लागत नाही. तो गळ टाकायला कुठे जातो, कुणाला ठाऊक आहे का?"

पहिलं उत्तर लगेच आलं. "डोरीन, नियम तिसरा वाच."

हा नियम ट्रेव्हरने लिहिलेला. तो हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसे आणि उरलेल्या वेळात गावाचा मासेमारीचा गट सांभाळे. मासा दाखवा, जागा दाखवू नका. दाखवली तर महिनाभर बाहेर. लोक इतके शिस्तीचे, की पकडलेल्या बारामुंडी माशामागे घरची चादर धरून फोटो काढत. नेव्हिलची निळ्या फुलांची होती.

"माणूस हरवला तरी नियम लागू का?" एकाने विचारलं.

"मेला असेल तर नाही," दुसऱ्याने लिहिलं. "पण ते आधी कळायला हवं."

मग मतदान सुरू झालं.

ट्रेव्हरला जागा माहीत होती. दोन वर्षांपूर्वी तो गुपचूप नेव्हिलच्या मागावर गेला होता. तेव्हापासून दर गुरुवारी नेव्हिल गुडघा दाखवायला शहरात गेला, की ट्रेव्हर त्याच जागी गळ टाके आणि गटावर लिही, 'धक्क्यावर मिळाला'. त्या भरवशावर अर्धं गाव धक्क्यावर बसून रापलं होतं.

ओहोटी लागली होती. खाडीत मगरी होत्या, आणि त्या गटात नव्हत्या. पोलिसांची होडी यायला अंधार पडणार होता. गटातल्यांच्या होड्या मात्र धक्क्याशीच होत्या.

ट्रेव्हरने लिहिलं, "जुन्या साखर कारखान्यामागचा खाडीचा फाटा, वाकलेल्या तिवराखाली. मी नेव्हिलच्या मागे गेलो होतो, म्हणून माहीत आहे. धक्क्यावर मला आजवर एकही मासा मिळालेला नाही."

आणि स्वतःला महिनाभरासाठी काढून टाकलं.

होडी चिखलात रुतलेली, गुडघा आखडलेला, अशा अवस्थेत नेव्हिल सापडला. सोडवायला आलेल्यांना त्याने पहिलं विचारलं, "जागा कुणी सांगितली?"

पुढच्या आठवड्यात डोरीन दुकानात खिळे घ्यायला आली.

"माझं नाव काढतो का?" ट्रेव्हरने विचारलं.

"रोज. शिव्या घालायला. आवाज ठणठणीत आहे."

तिने फोन पुढे केला. गटावर नेव्हिलची ताजी बारामुंडी. मागे चिखल, पाणी आणि वाकलेलं तिवर, अगदी स्वच्छ.

"चादर?"

"धुवायला टाकलीय म्हणतो. कपाटात आहे."

फोटोखाली नेव्हिलने एवढंच लिहिलं होतं: "गुरुवारी मी नसतो."