हार घालतानाचा फोटो

ऐन आषाढात लग्नाची ऑर्डर आली, तेव्हा सहदेव परबला आपण स्वप्नात आहोत की काय असं वाटलं. मुलुंडला त्याचा टपरीएवढा स्टुडिओ होता आणि पावसाळ्यात तिथे पासपोर्टच्या फोटोवाले सोडले तर फक्त माश्या यायच्या. गेल्या वर्षापर्यंत तो दुसऱ्याच्या हाताखाली फ्लॅश धरत होता. एकट्याने काढायचं हे पहिलंच लग्न. त्यामुळे आषाढात लग्न कसं, हे विचारायच्या भानगडीत तो पडला नाही.

नवरीची आई सुंदराबाई एवढंच म्हणाली होती, "बाकीचे कसेबी येऊ दे बाळा, हार घालतानाचा फोटो तेवढा चुकवू नको."

"मावशी, तुम्ही बिनधास्त राहा," सहदेवने छाती ठोकून सांगितलं. कोकणातल्या माणसाला छाती ठोकायला वेळ लागत नाही.

घाटकोपरच्या वस्तीत बुद्धविहारापुढच्या मैदानावर मांडव घातला होता. वर ताडपत्री, खाली चिखलावर टाकलेल्या फळ्या. पाऊस असा लागला होता की ताडपत्रीच्या पोटात सारखं पाणी साचायचं आणि नवरीचा बाप राजाराम बाहेर भिजत उभा राहून बांबूने ते ढकलून द्यायचा. गोदीत काम करणारा माणूस, त्याला ओझ्याची सवय होती.

बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या लागल्या. पांढऱ्या साडीतली सुलक्षणा आणि तिचा नवरा अनंत हात जोडून उभे राहिले. वंदना झाली, पंचशील झालं. तोवर सहदेवचा बारा फोटोंचा रोल मावश्या आणि आत्यांवरच उडाला होता. त्याने मनात हिशेब केला. आता अंतरपाट धरणार, मग मंगलाष्टका, त्यात एखादे काका घसा साफ करून चार कडवी जास्तच म्हणणार. रोल बदलायला वेळच वेळ!

तो विहाराच्या ओसरीवर गेला, सदऱ्याला हात पुसले आणि पाठ करून कॅमेरा उघडला. ओल्या बोटांना फिल्मचा कागद काही केल्या खाचेत बसेना. एकदाचा बसला, तोच मागे टाळ्यांचा कडकडाट झाला.

सहदेव गर्रकन वळला. दोघांच्याही गळ्यात हार होते आणि लोक फुलांच्या पाकळ्या उधळत होते.

"अंतरपाट कधी धरला?" त्याने जवळच उभ्या असलेल्या नवरीच्या मैत्रिणीला, विमलाला विचारलं.

"कसला अंतरपाट, दादा? आमच्यात नसतो. प्रतिज्ञा घेतली, हार घातले, झालं लग्न!"

वाट लागली. एवढ्यात सुंदराबाई हसत समोर आली, "आला ना रे हाराचा?"

हो म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण त्या चेहऱ्यापुढे त्याची जीभ वळेना. "नाही आला, मावशी. मी रोल बदलत होतो. तुमच्यात अंतरपाट नसतो, ते मला ठाऊकच नव्हतं."

"एकच सांगितलं व्हतं तुला!" सुंदराबाईचा आवाज चढला. वराचे काका नंदकिशोर पुढे सरसावले. परत घालू का म्हणून नवरी विचारायला लागली, तसे ते गरजले, "लग्न म्हणजे काय नाटक आहे, वन्स मोअर द्यायला?"

तेवढ्यात राजाराम बांबूसकट आत आला. डोक्यापासून पायापर्यंत निथळत होता.

"माझंबी ऱ्हायलंय," तो म्हणाला.

"तुमचं काय राहिलं?" काकांनी विचारलं.

"बघायचं. मी पाणी ढकलत व्हतो. नुसत्या टाळ्याच ऐकल्या."

सुलक्षणाने गळ्यातला हार काढला, तसा अनंतनेही काढला. लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आपण मुहूर्त पाहिला नाही, तेव्हा तो टळायचा प्रश्नच नाही. घाला, पोरांनो."

नंदकिशोर काकांनी राजारामच्या हातातला बांबू ओढून घेतला. "तुम्ही उभे राहा इथं. पाण्याचं मी बघतो."

आणि त्यांनी ते असं बघितलं की सुलक्षणाने हार उचलला त्याच क्षणी ताडपत्रीचं अख्खं पोट मांडवात रिकामं झालं. बायका किंचाळल्या, अनंतने डोकं खाली घातलं, सुलक्षणा खदखदून हसली आणि हसता हसताच तिने हार बरोबर त्याच्या गळ्यात टाकला. सहदेवने बटण दाबलं. यावेळी त्याच्याकडून चूक झाली नाही.

आठवड्याने सुंदराबाई फोटो न्यायला आली. हाराचा फोटो तिने दिव्याखाली धरला आणि बराच वेळ बघत राहिली. तिचं बोट लेकीवर नव्हतंच. ते कोपऱ्यातल्या राजारामवर होतं. भिजलेला, हात मोकळे सोडलेला, लेकीकडे बघून तोंडभर हसणारा राजाराम.

"माझ्या लग्नात मी मान वर केलीच न्हाई," ती हळूच म्हणाली. "तवाबी ह्यो असाच हसला असंल का रं?"

"असणारच, मावशी," सहदेव म्हणाला.