दामोदरनच्या हनुवटीखाली

हत्तीला पदवी द्यायला विद्यापीठ लागत नाही. माईक लागतो, आणि ओरडायला न लाजणारा मास्तर लागतो. एरवक्काडच्या देवीच्या पूरमात, म्हणजे वर्षाच्या उत्सवात, गेली सव्वीस वर्षं हे काम माझ्याकडे आहे. शाळेत भूगोल शिकवत होतो तेव्हाही होतं. निवृत्त झाल्यावर तर तेवढंच उरलं. पटांगणात एकेक हत्ती येतो, मी त्याचं नाव पुकारतो, मालकाच्या घराण्याचं नाव पुकारतो आणि मग त्याच्या पदव्या. गजकुलतिलक, गजराजरत्न, मातंगकेसरी. मातंगकेसरी म्हणजे हत्तींमधला सिंह. सिंह हत्तीचं काय करतो हे माझ्या ध्यानात येईपर्यंत फ्लेक्स छापून झाला होता. कुणी तक्रार केली नाही. हत्तीनेही नाही.

कळरिक्कल दामोदरनच्या सात पदव्यांपैकी पाच माझ्या. उंची दहा फूट दोन इंच, सुळे असे की दोन्हींच्या मधे पाळणा टांगावा, सोंड जमिनीवर दीड वेढा घालून उरणारी. लहान असताना बिहारच्या जत्रेतून आला. तिथे त्याचं नाव मोती होतं म्हणतात, पण मोती नावाच्या हत्तीला आमच्याकडे कोण रांगेत उभं करणार? त्याचा प्रेमी संघ आहे, संघाची फेसबुकवर दोन पानं आहेत, आणि दोन पानांचं आपसांत भांडण आहे. तसा वरच्या घाटातल्या एका रानटी सुळेवाल्याच्याही नावाने संघ आहे. एस्टीचे ड्रायव्हर त्याला अप्पुकुट्टन म्हणतात, रस्त्यात आला की गाडी बंद करून हात जोडतात. संघ स्थापन झाल्याची बातमी अजून अप्पुकुट्टनपर्यंत पोचलेली नाही, म्हणून तो सुखात आहे.

दामोदरनची ख्याती मानेची. आमच्याकडे देवीची मूर्ती कुठल्या हत्तीने वाहायची हे पंचांग पाहून ठरत नाही. पूरमाच्या दुपारी हत्ती शेजारीशेजारी उभे राहतात, ढोल सुरू होतो आणि ज्याचं डोकं सगळ्यांत वर, त्याच्या पाठीवर देवी. आता हत्ती काही आपणहून आभाळाकडे पाहत उभा राहत नाही. त्यामुळे बाकीचे माहूत हनुवटीखाली काठी टोचतात, सुळ्याला खालून ढकलतात, शेपटीशी काय करतात ते मी लिहीत नाही. दामोदरनला यातलं काही लागायचं नाही. त्याचा माहूत हात बांधून शेजारी उभा, आणि हा आपला ढगांत नजर लावून, तासभर, दोन तास. बघणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. खानदान, असं म्हणायचे लोक. माइकवर मीही तेच म्हणत होतो.

यंदा पूरमाला दहा दिवस असताना भर दुपारी कुट्टप्पन माझ्या दारात आला. दोन वर्षांपासून हा दामोदरनचा मुख्य माहूत आहे. बुटका, कमी बोलणारा, कमरेचा मुंडू नेहमी गुडघ्याच्या वर खोचलेला. ओसरीच्या पायरीवर बसला. बायकोने कोरा चहा आणि डाळवडा पुढे ठेवला, त्याने हात लावला नाही. आमच्या गावात डाळवड्याला नाही म्हणणारा माणूस एकतर आजारी असतो नाहीतर मोठं काम घेऊन आलेला.

"मास्तर, जरा तळ्यावर चला," तो म्हणाला. "एक दाखवायचंय. सांगून कळायचं नाही."

कळरिक्कलांच्या तळ्यात दामोदरन कुशीवर आडवा पडून अंघोळ घेत होता. दुसरा माहूत नारळाच्या काथ्याने पाठ घासत होता. कुट्टप्पन पाण्यात उतरला, कानामागे थोपटत पुटपुटत राहिला आणि मग हळूच त्याने सोंड बाजूला धरली. मी वाकून पाहिलं. जबड्याखाली डाव्या बाजूला, जिथे कातडीची घडी पडते तिथे, माझी मूठ मावेल एवढी जखम होती. वरून हळद आणि कडुनिंबाचा लेप, आतून गुलाबी. नवी वाटत नव्हती. कडा खडीच्या रस्त्यासारख्या टणक झालेल्या.

मग कुट्टप्पनने सांगितलं ते असं. पंधराएक वर्षांपूर्वी दामोदरनला मान वर धरायला शिकवणारा कुणी माहूत होता, त्याच्या काठीच्या टोकाला खिळा होता. शिक्षण पूर्ण झालं, माहूत गेला, जखम राहिली. भरते, पुन्हा फुटते. मान खाली केली की घडी दुमडते आणि घडीत ती जखम चिरडते. म्हणून तो मान खाली करत नाही. एवढंच.

मी तिथे दगडावर बसलो. माझ्या पाच पदव्या मला एकेक करून आठवल्या. त्यातली एक 'उन्नतशिर' होती.

"मालकांना ठाऊक आहे?" मी विचारलं.

"तेच तर सांगायला आलोय."

आषाढापासून, हत्तींच्या विश्रांतीच्या दिवसांत, त्याने गुपचूप औषध केलं होतं. रोज धुवायचं, लेप लावायचा, गूळ-भाताच्या गोळ्यातून जनावरांच्या एका डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या. दोन महिन्यांत जखम बोटभर उरली. दामोदरन मान खाली घालून झावळ्या खाऊ लागला, इतर हत्तींसारखा. आणि मोसमाच्या पहिल्याच उत्सवात त्याचं डोकं चार बोटं खाली दिसलं. मालक नारायणन्कुट्टी घाबरून गेले. त्यांनी त्याच डॉक्टरीणबाईंना बोलावलं, पण मान का उतरली ते पाहायला. बाईंनी जखम दाखवली आणि कागदावर लिहून दिलं, सहा महिने पूर्ण विश्रांती. मालकांनी कागद वाचला, डोळ्यांना लावला, देवघरात ठेवला आणि म्हणाले, एवढं पूरम होऊ दे. आमच्याकडे वैशाखापर्यंत रोज कुठे ना कुठे पूरम असतं. तीन महिन्यांत जखम होती तेवढी झाली, आणि मान पुन्हा वर गेली. मालकांनी देवीचा नवस फेडला.

"माझं काय काम यात?" मी म्हणालो, खरं तर कळलं होतं.

"निकाल तुम्ही पुकारता, मास्तर. यंदा दुसऱ्याचं नाव घ्या. एकदा हरला की मागणी कमी होईल. मागणी कमी झाली की बांधून ठेवतील. बांधून ठेवला तर मी बरा करतो त्याला." एवढं लांब वाक्य बोलून तो स्वतःच दमला.

खोटं पुकारायचं म्हणजे कठीण. मी सव्वीस वर्षं अतिशयोक्ती केली होती, खोटं बोललो नव्हतो. निदान दहा हजार लोक समोर पाहत असताना नाही. मी म्हटलं, आधी सरळ मार्गाने बघू. सरळ मार्ग आमच्या गावात फार आहेत आणि सगळे तळ्याला वळसा घालून जिथून निघाले तिथेच येतात.

मालकांकडे गेलो. त्यांच्या दिवाणखान्यात वडिलांच्या फोटोशेजारी दामोदरनचा फोटो आहे, आणि हार दामोदरनचा जाड आहे. माझं बोलणं ऐकून ते रडले. खोटं रडले नाहीत. मुलगी सासरी गेली तेव्हा इतका रडलो नाही मास्तर, म्हणाले, आणि मग म्हणाले की शब्द दिलेला आहे, देवीचं काम आहे, समितीने सांगितलं तर मी आज थांबवतो. समितीकडे गेलो. समिती म्हणाली, सगळ्यांत उंच मान असेल त्याच्यावर देवी बसते, ही रीत. दामोदरन आलाच नाही तर लोक मंडप मोडतील, तेव्हा आधी त्याच्या प्रेमी संघाला राजी करा. संघाचा अध्यक्ष बिजीष. सहा वर्षं दुबईत एसी दुरुस्त करून आलेला, दंडावर दामोदरन गोंदवलेला. तोही रडला. जखमेचा फोटो काढून आणला, रात्रभर जेवला नाही असं त्याची आई म्हणाली.

"पण मास्तर, पोरं तिकिटं काढून आलीत शारजाहून," तो म्हणाला. "आता मी काय सांगू त्यांना? आणि तो स्वतः हरेल का? त्याला विचारा. त्याचं मन मोडेल."

म्हणजे सगळ्यांचं दामोदरनवर प्रेम होतं. कुणी एक जरी द्वेष करणारा भेटला असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं.

पूरमाचा दिवस उजाडला. सकाळी सरकारी डॉक्टर आले, प्रत्येक हत्तीचे पाय पाहिले, डोळे पाहिले, कागदावर शिक्का मारला. एवढ्या उंचीवर हनुवटीखाली पाहायचं तर दामोदरनने मान खाली करायला हवी होती. त्याने केली नाही. उत्तम तब्येत, असं त्यांनी लिहिलं.

दुपारी तीनला ढोल सुरू झाला. पटांगणात भात शिजेल असं ऊन. नऊ हत्ती, कपाळावर सोनेरी आभूषणं, वर छत्र्या. दामोदरनच्या शेजारी पट्टिशेरीचा रामभद्रन होता, वयाने लहान, उंचीला इंचभर कमी. त्याचे दोन माहूत दोन बाजूंनी काठ्या लावून कामाला लागले होते. कुट्टप्पन दामोदरनच्या सुळ्याशी उभा होता. काठी त्याने मागे जमिनीवर टाकली होती. त्याने एकदाच माइकसाठी बांधलेल्या मचाणाकडे, माझ्याकडे पाहिलं.

दामोदरन वर पाहत होता. रामभद्रनचं डोकं वर चढलं, थरथरलं, उतरलं. दामोदरनचं हललं नाही. गर्दी एका आवाजात त्याचं नाव घेत होती. समितीच्या म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. म्हणजे पुकारा.

रामभद्रन हे नाव माझ्या जिभेवर तयार होतं. सरळ मार्ग संपल्यापासून मी ते रोज आंघोळ करताना म्हणून पाहिलं होतं. पण समोर वीस हजार डोळे, आणि पुढे उभा तो डोंगर, ज्याच्यापेक्षा शेजारचं डोकं वीतभर खाली आहे हे आंधळ्यालाही दिसावं. मला जमलं नाही. तेव्हा शिक्षकाला सुचतं ते मला सुचलं: लोकांना समजावून सांगावं. माणसं वाईट नाहीत, फक्त त्यांना माहीत नाही.

मी ढोल थांबवायला सांगितला. तो थांबला, कारण सव्वीस वर्षांत मी कधी सांगितलं नव्हतं.

"ऐका," मी म्हणालो. "दामोदरनची मान वर आहे ती अभिमानाने नाही. त्याच्या जबड्याखाली डाव्या बाजूला पंधरा वर्षांची जखम आहे. मान खाली केली की ती दुमडते. दुखतं म्हणून तो मान वर धरतो. मी स्वतः पाहिलंय. त्याला घरी जाऊ द्या."

पटांगणात असं काही शांत झालं की छत्रीच्या झालरीचा आवाज ऐकू आला. पुढच्या रांगेत एका बाईने तोंडावर पदर घेतला. मला वाटलं, झालं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा उपयोगाचं काहीतरी बोललो.

मग मागून कुठूनतरी एक आवाज आला, "एवढं दुखत असूनही!"

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. गर्जना झाली असं लिहितात, पण तो शब्द अपुरा आहे. माणसं रडत होती आणि नाचत होती. ढोलवाले स्वतःहून सुरू झाले, दुप्पट लयीत. बिजीष दोन्ही हात वर करून मातीत गुडघ्यांवर बसला होता. म्हाताऱ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, मास्तर, आजवरचं तुमचं सगळ्यात चांगलं भाषण. देवीची मूर्ती शिडीवरून दामोदरनच्या पाठीवर चढली आणि रात्र पडेपर्यंत उतरली नाही. तो तसाच उभा, वर पाहत. वर पाहण्यासारखं आभाळात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजायच्या आत चौकात फ्लेक्स लागला. 'वेदनेपुढेही न झुकणारा.' ही पदवी मी दिलेली नव्हती, पण श्रेय मलाच मिळालं. माझं बोलणं कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं, ते मस्कतला लोक ऐकत होते. मालकांचा फोन दिवसभर वाजत होता. मे अखेरपर्यंत एकही दिवस मोकळा राहिला नाही, असं त्यांनी मला सांगितलं, आणि गहिवरून मला हलव्याचा डबा पाठवला.

संध्याकाळी मी तळ्यावर गेलो. लॉरी तयार होती, दामोदरनला रात्रीत चाळीस मैलांवरच्या गावी पोचायचं होतं. कुट्टप्पन जखम धूत होता. ती फुटली होती. मी म्हणालो, चुकलो रे. तो रागावला नव्हता. राग यायला माणसाला थोडी तरी आशा लागते.

"आधी तरी चोरून औषध करता येत होतं, मास्तर," तो म्हणाला. "आता सगळे जखमच बघायला येतात. बरी झाली तर म्हणतील, कुट्टप्पनने हत्ती वाया घालवला."

मी त्याला विचारलं, काम सोडून का देत नाहीस. तो म्हणाला, सोडलं तर दुसरा येईल, आणि दुसऱ्याकडे काठी असेल. त्याने दामोदरनच्या कानाशी काहीतरी म्हटलं आणि दोघं फळीवरून लॉरीत चढले. वाटेतल्या विजेच्या तारा बांबूने वर उचलायला संघाची चार पोरं टपावर बसली होती.

घरी आलो तर फोन वाजत होता. दामोदरन जिथे चालला होता त्या गावच्या माइकवाल्याचा. चांगला माणूस, तोही निवृत्त, गणित शिकवायचा. नमस्कार-चमत्कार झाले. म्हणाला, तुमचं कालचं ऐकलं, अंगावर काटा आला, उद्या मलाही तेच म्हणायचंय. मोबाइलवर ढोलामुळे नीट कळत नाही, जरा शब्द सांगता का?

मी सांगितले. तो सावकाश लिहून घेत होता, कागदाचा आवाज येत होता.

"डाव्या बाजूला म्हणालात की उजव्या?"

"डाव्या," मी म्हणालो.