दोन मीटर आखूड

आमच्या भावोजींना माणसं दिसत नाहीत, मापं दिसतात. ताई पहिल्यांदा भेटली तेव्हा तिनं कुठल्या रंगाचं काय घातलं होतं, हे त्यांना आजही सांगता येत नाही. पण तिच्या डाव्या बाहीची शिवण दीड बोट वर चढलेली होती, हे ते चाळीस वर्षांनंतरही कुणी न विचारता सांगतात. तेव्हापासून ताईचे सगळे कपडे तेच शिवतात. तिनं कधी तक्रार केली नाही, म्हणजे केली, पण कपड्यांबद्दल नाही.

भावोजींचं शिवणाचं दुकान पहिल्या मजल्यावर, बावीस पायऱ्या चढून. दोन वर्षांपूर्वी त्यांचे पाय दमायला लागले. आधी चढताना एकदा थांबायचे, मग चारदा. चौथ्या थांब्यावर त्यांनी एक स्टूल नेऊन ठेवलं. एके दिवशी त्या स्टुलावर बसून ते एका गिऱ्हाइकाचं माप घेताना लेकीला सापडले आणि घरात वादळ झालं.

लेक लिफ्ट तपासनीस आहे. दिवसभर लोकांच्या लिफ्ट वरखाली करते, आणि सख्ख्या बापाच्या इमारतीला लिफ्ट नाही. हे म्हणजे वैद्याच्या घरी पथ्य नाही, तसं झालं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं. स्नायूंच्या पेशींमध्ये इवली इवली वीजघरं असतात, त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. त्यांच्या आतल्या पडद्याला बारीक घड्या असतात आणि त्या घड्यांवरच वीज तयार होते. भावोजींच्या घड्या विस्कटल्या होत्या. एक नवं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा, थेट त्या पडद्याला जाऊन चिकटतं आणि घड्या धरून ठेवतं, असा अंदाज होता.

"म्हणजे चुण्या सुटल्यात आणि तुम्ही कच्चा टाका घालताय," भावोजी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर टिपून घेतलं. "यापुढे मीही असंच सांगेन. फक्त तो टाका टिकतो का, ते अजून कुणालाच माहीत नाही. तेच तपासायचंय."

तपासायची रीत अशी. बारा आठवडे रोज पहिल्या खोक्यातलं इंजेक्शन, मग चार आठवडे सुट्टी, मग बारा आठवडे दुसऱ्या खोक्यातलं. एकात औषध, दुसऱ्यात नुसतं मिठाचं पाणी. कुठल्या खोक्यात काय, हे भावोजींना ठाऊक नाही, ताईला नाही आणि डॉक्टरीणबाईंनाही नाही.

"मग ठाऊक कुणाला?" ताईनं विचारलं.

"दुसऱ्या गावातल्या एका कॉम्प्युटरला."

"बरं केलंत. आमच्या घरात गुपित राहत नाही, हे तुम्हाला आधीच कळलेलं दिसतंय."

इंजेक्शन टोचायचं काम ताईकडे आलं. चाळीस वर्षं सुई भावोजींच्या हातात होती, आता तिच्या हातात आली. तिनं हे काम इतक्या आनंदानं केलं, की मला मेव्हण्याचं नातं सोडून माणुसकीनं भावोजींची दया आली.

लेकीनं मात्र अट घातली. सहा मिनिटांत सपाट जमिनीवर किती चालता येतं, याची दवाखान्यात चाचणी व्हायची. सुरुवातीला भावोजी तीनशे दहा मीटर चालले होते. "दोन्ही खोकी संपेपर्यंत साडेतीनशे झाले नाहीत, तर दुकान बंद," लेक म्हणाली. "मशीन घरी आणायचं." तिनं ते कपडे बेतायच्या कागदावर खडूनं लिहिलं आणि बापलेकीनं खाली सह्या केल्या. साक्षीदार मी. माझी सही वाकडी आली म्हणून भावोजींनी ती पुन्हा करायला लावली.

पहिलं खोकं संपलं. तीनशे तेरा.

"मिठाचं पाणी!" भावोजींनी निकाल देऊन टाकला. "म्हणजे आता खरं औषध. आता बघाच."

दुसऱ्या खोक्याच्या आठवड्याभरातच त्यांचा चेहरा उजळला. रोज संध्याकाळी ते समोरच्या बागेला चक्कर मारायला लागले. आधी एक, मग दोन. "गिरणी सुरू झालीय आत," असं पोटावर हात ठेवून सांगायचे. ताई म्हणायची, "पोटात नाही हो, पायात सुरू व्हायला हवी."

शेवटच्या चाचणीला आम्ही तिघं गेलो. दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात दोन नारंगी शंकू, मध्ये तीस मीटर. भावोजींनी एका शंकूपासून दुसऱ्यापर्यंत येरझाऱ्या घालायच्या. चाचणी घेणारी मुलगी घड्याळ धरून उभी. तिला नेमून दिलेल्या वाक्यांपलीकडे बोलायची मुभा नव्हती. जास्त उत्साह दाखवला की माणूस जास्त चालतो, आणि मग औषधानं चालला की टाळ्यांनी चालला, ते कळत नाही. आम्हालाही तोंडं बंद ठेवायला सांगितलं होतं. ताईला ती सहा मिनिटं भावोजींपेक्षा कठीण गेली.

"छान चाललंय. आता चार मिनिटं उरली," मुलगी अगदी सपाट आवाजात म्हणायची. जरा वेळानं, "छान चाललंय. आता दोन मिनिटं उरली."

बरोबर बारा फेऱ्या झाल्या. तीनशे साठ मीटर! ताईनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला, की मीच दोन मीटर पुढे गेलो.

भावोजी मात्र खुर्चीत बसून धापा टाकत व्हरांड्याकडे टक लावून बघत होते. ती नजर मी ओळखतो. समोर ढगळ पाठीचा कोट आला की ते असेच बघतात.

"मेहुणे," ते हळूच म्हणाले, "हे आखूड आहे."

"काय आखूड आहे?"

"व्हरांडा." आणि खिशातून टेप काढली.

"भावोजी, ठेवा ती आत," मी कुजबुजलो. "दुकान वाचलंय. देव देतो तर घ्यावं."

"उद्या हाच आकडा दुसऱ्याच्या औषधाला लागेल. आखूड बाही कधी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली का मी?"

गुडघ्यांवर बसून, दीड दीड मीटर करत, त्यांनी शंकूपासून शंकूपर्यंत व्हरांडा मोजला. अठ्ठावीस. कोपऱ्यात त्याच आठवड्यात एक नवं बाकडं आलं होतं. ते मावावं म्हणून कुणीतरी शंकू अलीकडे सरकवला होता. मुलीचा चेहरा पडला. मग तिनंही मोजलं, डॉक्टरीणबाईंना बोलावलं आणि त्यांच्यासमोर आकडा बदलला. बारा फेऱ्या, अठ्ठावीस मीटर, म्हणजे तीनशे छत्तीस. त्या आठवड्यातल्या आणखी पाच जणांचे आकडेही दुरुस्त झाले.

साडेतीनशेला चौदा कमी.  घरी परतताना ताई इतकी गप्प, की टॅक्सीवाल्यानं आरशातून विचारलं, "सगळं ठीक ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं दुकानाच्या जिन्यापाशी पोचलो, तोच लेक आली. तिच्याकडे सह्यांचा कागद होता आणि कामावरची वहीही.

"आकडा कमी पडला," भावोजी म्हणाले. "शब्द तो शब्द. मशीन उचलायला माणसं कधी येतात?"

"थांबा हो बाबा. कागद बघून लिफ्ट पास करत नसतो आम्ही. चालवून बघावी लागते." तिनं घड्याळ काढलं. "चढा."

भावोजी चढले. आठव्या पायरीवर कठड्याला धरून थांबले, सोळाव्या पायरीवर पुन्हा थांबले. स्टुलाशी आले, त्याच्याकडे पाहिलं आणि न बसता पुढे गेले. वरून त्यांनी कुलूप उघडल्याचा आवाज आला, तेव्हा ताई खाली रुमालात तोंड खुपसून हसत होती, निदान ती तसं म्हणते.

लेकीनं वहीत दाखला लिहिला, फाडला आणि दुकानाच्या दारावर चिकटवला: 'तपासणी पूर्ण. वापरास योग्य. क्षमता एक माणूस. दर आठ पायऱ्यांना थांबा आवश्यक. आठवड्यातून चार दिवस. पुढील तपासणी तीन महिन्यांनी.'

चार महिन्यांनी कॉम्प्युटरनं गुपित फोडलं. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून सांगितलं, पहिल्या खोक्यात औषध होतं, दुसऱ्यात मिठाचं पाणी.

ताई ताडकन उठली. "म्हणजे मी बारा आठवडे यांना लोणच्यासारखं मुरवत होते?"

भावोजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "म्हणजे बागेच्या चकरा माझ्याच! टाका कुणी घातलाच नव्हता!"

"पण म्हणजे औषध फुकट, असंही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काहींना फरक पडलाय, काहींना नाही. सगळे आकडे एकत्र पाहिले तर फरक लहान आहे, अजून खात्री देता येत नाही. पुढची चाचणी मोठी घ्यावी लागेल."

"बरोबर आहे," भावोजी म्हणाले. "एका गिऱ्हाइकाच्या मापावर गावाचे कपडे कापत नाहीत. पुढच्या वेळी मला बोलवा. व्हरांडा मोजायला तरी."

गेल्या आठवड्यात मी दुकानात बसलो होतो. जिन्यावर कुणीतरी धापा टाकत येत होतं. चाचणी घेणारी मुलगी! कोट शिवून घ्यायला आली होती. स्टुलाशी पोचून तिनं कठडा धरला आणि असहायपणे वर पाहिलं.

भावोजी गळ्यात टेप अडकवून दारात उभे होते. चेहऱ्यावरची रेघ हलू न देता, अगदी सपाट आवाजात ते म्हणाले,

"छान चाललंय. आता चार पायऱ्या उरल्या."