डावा कार्बोरेटर

धाकट्याने पितळी स्क्रू हलक्या हाताने आत टेकवला, दीड फेरा मागे घेतला आणि किक मारली. मोटरसायकल खोकली, धूर ओकली, थोडा वेळ लंगडत चालली आणि बंद पडली.

“घाई,” बाबा म्हणाले. “जन्मजात घाई.”

ते शेडच्या दारात लोखंडी स्टुलावर बसले होते, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मधे उभी धरून. मोतीबिंदूमुळे गाडी त्यांना काळ्या ढिगासारखी दिसायची, आणि मुलगा म्हणजे त्या ढिगापाशी हलणारं काहीतरी. कान मात्र शाबूत होते, आणि जिभेला तर काहीच झालं नव्हतं. कारखान्यात लेथवर हयात घालवलेला माणूस. यंत्राचं दुखणं नुसत्या आवाजावरून सांगायचा. माणसांच्या बाबतीत त्यांनी तेवढे कष्ट कधी घेतले नाहीत.

घर रिकामं करायचं होतं. ताई त्यांना आपल्याकडे न्यायला आली होती, आत खोकी बांधत होती. आणि ऐन वेळी बाबा अडून बसले होते, की शेडमधली गाडी चालू झाल्याशिवाय इथून हलणार नाही. मेकॅनिक बोलावू म्हटलं तर तेही नको. “ज्यानं बिघडवली त्यालाच बोलाव.” ताईने फोनवर हे वाक्य गाळायचा प्रयत्न केला, पण तिला कुठलं जमायला? ती मधेच थांबली, आणि त्या थांबण्यातच धाकट्याला ते सबंध ऐकू आलं.

तरी तो आला. गाडीशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. ती नेमकी कशाने बिघडली हे एकदा हाताला लागलं तर बाबा ते वाक्य मागे घेतील, एवढ्या आशेवर आला. केस पांढरे व्हायला लागल्यावर अशी आशा धरणं म्हणजे स्वतःचं हसं करून घेणं, हे त्याला कळत होतं.

आई गेली त्या सकाळी त्याने बाबांच्या या गाडीचे दोन्ही कार्बोरेटर खोलून साफ केले होते. कॉलेजात होता, हात शिवशिवत होते. दुपारी आईच्या छातीत कळ आली. बाबांनी तिला मागे बसवलं आणि निघाले. गाडी निघाली खरी, पण एकाच सिलिंडरवर, धापा टाकत. दवाखान्याच्या अलीकडच्या चढावर तिने दम तोडला. मग कुणाची तरी दुधाची गाडी थांबवावी लागली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. डॉक्टर असं सगळ्यांनाच म्हणतात. पण ते ‘थोडं’ कुणाच्या माथी मारायचं हे बाबांनी दवाखान्याच्या जिन्यातच ठरवून टाकलं. आधी ते दोन्ही खिसे चाचपत राहिले, “रुमाल कुठे गेला माझा” म्हणत. मग मुलाच्याच हातातला रुमाल ओढून घेतला, त्यात तोंड खुपसून रडले, आणि रडून झाल्यावर म्हणाले, “ह्यानं सकाळी कार्बोरेटरला हात लावला.”

गाडी शेडमध्ये गेली ती गेलीच. धाकट्याने पुन्हा पाना उचलला नाही. आता तो चष्म्याच्या दुकानात काचा घासत असे. लोक त्याच्या हातचं काम वाखाणायचे आणि त्याला ते ऐकवत नसे.

“पाणी टाक नळ्यांवर,” बाबा म्हणाले.

त्याने पुन्हा किक मारली, मूठ पिळून गाडी जेमतेम चालती ठेवली आणि मगमधलं पाणी उजव्या सायलेन्सरच्या नळीवर शिंपडलं. चर्र झालं. डाव्या नळीवरचे थेंब सावकाश ओघळून खाली गेले.

“डावी थंड आहे.”

“कालही थंडच होती. कान लाव, कान.”

त्याने रबरी नळीचं एक टोक कानात धरलं आणि दुसरं उजव्या कार्बोरेटरच्या तोंडाशी नेलं. आत हवा सूं सूं करत ओढली जात होती. डाव्याशी नेलं तर जवळपास काहीच नाही.

“डावा ओढतच नाही, बाबा.”

“पेट्रोल?”

“येतंय.”

“ठिणगी?”

“चांगली आहे. प्लग नवे टाकलेत.”

बाबांनी मान तिरकी करून त्या लंगड्या आवाजाकडे लक्ष दिलं. कामाचं बोलणं चाललं असलं की त्यांचा चेहरा मवाळ व्हायचा, आणि तेवढ्यापुरता धाकट्यालाही आपण लहान झाल्यासारखं वाटायचं. ते बरं वाटणंच त्याला सहन होत नसे.

“मग हवा,” बाबा म्हणाले. “हवा अडतेय कुठेतरी. तो वाकडा पाइप काढ, कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधला. काढला होतास का तो?”

“नाही. बोल्ट गंजलेत.”

“गंजणारच. तेल सोड, थांब, मग फिरव. आणि पाइप निघाला की आधी इंजिनाच्या तोंडात चिंधी कोंब. एखादा नट आत गेला तर बसशील रडत. चिंधीचं शेपूट बाहेर ठेवायचं, नाहीतर आतच राहायची.”

“माहीत आहे, बाबा.”

“तुला सगळंच माहीत असतं, कारागीर.”

बोल्टांनी बराच वेळ घेतला. शेवटचा कुरकुरत सुटला तेव्हा धाकट्याच्या बोटाचं साल निघालं होतं. पाइप हातात आला, तशी त्याने शेपूट बाहेर ठेवून इंजिनाच्या तोंडात चिंधी कोंबली. मग पाइप उजेडाकडे धरून पाहिला, तर पलीकडचं काही दिसेना. वळणात काहीतरी घट्ट बसलं होतं. त्याने तारेचा आकडा केला आणि ओढलं. एक काळा, तेलकट बोळा बाहेर आला.

तो कापडाचा होता. धाकट्याने तो मांडीवर उलगडला. घडीच्या आत कापड अजून पांढरट होतं, आणि एका कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने भरलेलं एक अक्षर होतं. बाबांच्या नावाचं पहिलं अक्षर. त्यांचे रुमाल कारखान्यात हरवायचे म्हणून आई प्रत्येक रुमालावर ते भरायची.

त्याला ती सकाळ आठवली. त्याने इंजिनाच्या तोंडात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते. बाबा हसले होते, “कागद? कपटे आत गेले म्हणजे?” मग त्याच्या हातातून पाना घेतला, “सरक बाजूला, कारागीर” म्हणाले आणि डावी बाजू पुन्हा स्वतः खोलली. चिंधी शोधत इकडे तिकडे पाहिलं. मग खिशात हात घातला. आईने आतून जेवायला हाक मारली तेव्हा कार्बोरेटर परत चढवून तेच उठले होते.

हे सगळं त्याने पाहिलं होतं. पाहूनही त्याचा त्याला उपयोग झाला नव्हता, कारण बाबांनी जिन्यात वेगळं सांगितलं आणि त्याने मुकाट्याने ते मानलं.

“काय निघालं?”

बाबा त्याच्याकडे पाहत होते, म्हणजे त्याच्या जरा डावीकडे पाहत होते. इतकी वर्षं आंघोळ करताना, काचा घासताना, झोप येत नसताना धाकट्याने जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं घशाशी आलं, आणि म्हाताऱ्याच्या त्या चुकलेल्या नजरेपाशी अडलं.

“उंदराचं घरटं,” तो म्हणाला.

“वाटलंच.” बाबांनी कितीतरी वेळ मान हलवली. “तोंड उघडं टाकलं असशील त्या सकाळी.”

सकाळी तोंड उघडं राहिलं आणि दुपारपर्यंत घरटं तयार, असा कोणता उंदीर, हे त्यांनी विचारलं नाही. गुन्हेगार आधीच ठरला असला की पुराव्याला फारसं कुणी काही विचारत नाही. धाकट्याने रुमालाची घडी घातली आणि उजव्या खिशात ठेवली. पाइप पेट्रोलने धुतला, चिंधी ओढून काढली, पाइप बसवला. कार्बोरेटर चढवला.

“चढावर मी तिला उतर म्हटलं,” बाबा मागून म्हणाले. “गाडीला तिचं ओझं होत होतं. उतरली बिचारी. चालायला लागली, छाती धरून. मी तिच्या बाजूनं गाडी ढकलतोय आणि ती मलाच विचारतेय, तुम्हाला दम लागला का. एवढं तुझ्या एका कामानं झालं. म्हणून म्हटलं, ऐकून ठेव.”

हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. पाना त्याच्या हातात तसाच राहिला. मग त्याने उरलेला बोल्ट आवळला, दोन्ही स्क्रू आत टेकवून सारखेच मागे घेतले आणि किक मारली.

गाडी चालू झाली. आधी खडबडत, मग डाव्या बाजूने साठलेला निळा धूर टाकला आणि आवाज भरत गेला. त्याने नळी कानाला लावून एक स्क्रू पाव फेरा सैल केला, दुसरा आवळला, आणि दोन्ही बाजू एका सुरात बोलू लागल्या. डाव्या नळीवर पाणी टाकताच चर्र झालं. बाबा स्टुलावर ताठ बसले. धूर दाराकडे गेला, त्यांचे डोळे वाहू लागले. धुराने की कशाने, कोण जाणे. त्यांनी सदऱ्याचा खिसा चाचपला, मग दुसरा.

“रुमाल कुठे गेला माझा?”

धाकट्याच्या डाव्या खिशात त्याचा स्वतःचा धुतलेला रुमाल होता. तो आहे हे त्याला माहीत होतं. त्याने उजव्या खिशात हात घातला.

बाबांनी रुमाल घेतला, डोळ्यांकडे नेला आणि वासाने थबकले. त्यांनी कापड दोन बोटांत चोळलं. अंगठा सरकत सरकत कोपऱ्यावर गेला. तिथल्या टाक्यांवरून एकदा फिरला, परत आला, पुन्हा फिरला. मग तिथेच राहिला.

“बंद कर ती,” ते म्हणाले.

“ऐका तरी. दोन्ही सारखे लागलेत.”

“बंद कर म्हणतो ना.”

त्याने गाडी बंद केली. आता हलकं वाटेल अशी त्याची समजूत होती. तसं काही वाटलं नाही. चढावर चालणारी आई तेवढी डोळ्यांसमोरून हलेना.

ताई दोरीचं बंडल हातात घेऊनच धावत आली.

“झाली की रे चालू! आतपर्यंत ऐकू आली. काय झालं होतं तिला एवढं?”

या वेळी उत्तर धाकट्याने द्यायचं नव्हतं. तो बाबांकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत त्याने त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि आताही ते एकच वाक्य मागत होता.

बाबांनी रुमाल मुठीत गोळा केला आणि सदऱ्याच्या खिशात खोल कोंबला. सदऱ्याच्या पांढऱ्या कापडावर तेलाचा डाग पसरायला लागला.

“उंदराचं घरटं,” ते म्हणाले. “चल, मला हात दे. निघायचंय ना?”