दोन पायांची खापरी

कवड्या पालथ्या पडल्या आणि अनिताचा शिपाई लढाईत मेला.

"तोड पाय," अफताब म्हणाला. "मामांचा नियम हाय."

अयुबमामा ओट्यावर बसून बघत होते. इनामगावात त्यांचं सायकलचं दुकान होतं. पण तरुणपणी, जुन्या वस्तीच्या पांढरीच्या टेकाडावर खोदकाम चाललं होतं तेव्हा, त्यांनी तिथं घमेली वाहिली होती. जुन्या घरांच्या जमिनीखाली माणसं पुरलेली निघाली होती, पाय तोडलेली. का तोडले, ते नक्की कोणालाच सांगता आलं नाही. मामांनी मग त्यावरून पोरांसाठी एक खेळ रचला. घोड नदीच्या काठी एक राज्य, त्याची कधी न संपणारी लढाई आणि त्या राज्याचं एक गुपित. मेलेल्या शिपायाचे पाय तोडून त्याला घराखाली पुरायचं. मग त्याचं भूत गाव सोडत नाही, खालून राखण करतं. त्याला राखण्या म्हणायचं. शिपाई म्हणजे शेत नांगरताना सापडलेली मडक्याची खापरी, खाली दोन टोकं असलेली. ती टोकं म्हणजे पाय.

"मी न्हाई तोडनार," अनिता म्हणाली. "ह्यो ज्ञानूदादा हाय."

तिचा भाऊ कारगिलला होता आणि बरेच दिवस त्याचा फोन नव्हता.

"मग त्याचं नाव कशाला ठिवलंस?" सबा म्हणाली. "राखण्या न्हाई झाला तर दुश्मन आत यील. आपुन समदी हरू."

"हरू की. त्याला चालत घरी यायचंय."

सगळी मामांकडे बघू लागली. मामांनी आजवर नियम मोडू दिला नव्हता. पोरगी रडत असली तरी नाही.

"एक सांगायचं राहिलं व्हतं," ते म्हणाले. "घरची नको म्हनली, तर त्याला पुरत न्हाईत. त्याची वाट बघत्यात."

"हे आजच निघालं व्हय, मामा?"

"गुपित हाय, अफताब. समदं एकदम सांगत्यात का?"

अनिताने खापरी फ्रॉकच्या खिशात टाकली. त्या दिवशी राज्य हरलं.

दिवाळीच्या आधी ज्ञानू लष्करी दवाखान्यातून घरी आला. सुरुंगावर पाय पडला होता. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. घर भेटायला येणाऱ्यांनी भरलेलं असे. एका संध्याकाळी तो कुबड्यांवर मामांच्या ओट्याशी आला. लहानपणी तोही इथंच खेळला होता. मामा सरकून बसले.

"माझं नाव ठिवलंय म्हनं कुनाला तरी," तो म्हणाला. "दाव की."

अनिताने खापरी काढून दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली.

"मेलो व्हतो ना मी? मग पाय कसं शाबूत?"

"मी तोडू दिलं न्हाईत."

"आन् मामांनी ऐकलं? आमाला तर कवा सोडलं न्हाई त्यांनी."

"खेळातला नियम त्यो," मामा म्हणाले. "ठिव ती, ज्ञानबा."

ज्ञानूने खापरी ओट्याच्या कडेला धरली आणि दगडाने हलकेच ठोका दिला. डावं टोक उडालं.

"एक राहू द्या," तो म्हणाला. "मळ्यात चक्कर मारायला लागंल."

अफताब हसला आणि लगेच थांबला. ज्ञानूही हसत होता, हे बघून मग पुन्हा हसला.

अनिताने खेळासाठी जमिनीवर आखलेल्या घरात, उंबऱ्यापाशी, बोटाने खड्डा केला. खापरी आडवी ठेवून वर माती लोटली. उरलेलं टोक तिने बाहेर राहू दिलं.